डुकरिणीचा डावा कान

"थांबा, हात पुसते. सरकारी कागद ऐकायचा तर नीट उभं राहून ऐकावा," असं म्हणत मिंडवेल टारबॉक्सने कोंड्याने माखलेले हात एप्रनला पुसले आणि ती डुकरिणीच्या मागे ताठ उभी राहिली.

कुंपणाच्या अलीकडे कॉन्स्टेबल ट्यूनिस व्हेडर उभा होता. एका हातात कागद, दुसऱ्या हातात अधिकाराची काळी काठी. वितळत्या बर्फाच्या चिखलात काठी सारखी रुतत होती, आणि ती उपटताना दर वेळी असा आवाज व्हायचा की वाचणाऱ्याचं गांभीर्य राहत नसे. दोघांच्या मध्ये डुकरीण. तिचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं आणि तिला ट्यूनिसच्या बुटांमध्ये फार रस होता.

ट्यूनिसने घसा साफ केला. "व्हर्माँट राज्याच्या नावाने. मिंडवेल टारबॉक्स, विधवा, हल्ली मुक्काम ईस्ट हार्लो, हिला कळवण्यात येते की तिने पंधरा दिवसांच्या आत हे गाव सोडून जावे."

"आणि नाही गेले तर?"

"तर काही नाही. राहायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या तुम्ही आजारी पडला, उपाशी राहिला, की गाव म्हणणार, आम्ही तर आधीच जा म्हणालो होतो, आता पोसणार नाही. नव्या माणसाला सगळ्यांना वाचतात. मला पण वाचला होता. नऊ वर्षं झाला."

मिंडवेलला हसू आलं. ट्यूनिस हडसन नदीकाठचा डच. इंग्रजी त्याला चांगलं येई, पण जरा गडबडला की त्याच्या वाक्यांचे पाय एकमेकांत अडकत. गाव त्याला तोंडावरच 'डच्या' म्हणे. मागच्या मार्चात गावसभेत कॉन्स्टेबल निवडायची वेळ आली, तेव्हा कुणीच हात वर करेना. शेजाऱ्याच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं आणि वर्षभर त्याच्या शिव्या खायच्या, हा उद्योग सांगितलाय कुणी? ट्यूनिस तेवढ्यात लघवीला म्हणून बाहेर गेला होता. परत आला तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्यानेही वाजवल्या, मग कळलं की त्या त्याच्यासाठीच होत्या. गावाने जा म्हणून सांगितलेला माणूस असा गावाचा कायदा झाला.

"आणखी एक कागद आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला.

दुसरा कागद डीकन थ्रॉल यांच्या फिर्यादीचा होता. ओबाडाया थ्रॉल म्हणजे गावात पाद्रीबुवांच्या खालोखाल मान. हिवाळ्यात त्यांची एक डुकरीण रानातून परतली नव्हती. आणि परवा रस्त्याने जाताना त्यांना मिंडवेलच्या कुंपणात एक डुकरीण दिसली. गावची डुकरं रानात मोकळी चरत, म्हणून प्रत्येक घर आपल्या डुकरांचे कान ठरावीक खुणेने कापत असे; हिच्या कानांवर डीकनचीच खूण होती.

"माझी आहे ती," मिंडवेल म्हणाली. "म्हणजे आमच्या एमोसकाकांची. शेवटच्या आजारात त्यांचं करायला मी कनेक्टिकटहून आले. जाताना म्हणाले, पोरी, द्यायला हे खोपट आहे आणि ही आहे. गाभण आहे हो ती. पिल्लं झाली की माझं वर्ष निघेल."

"डीकनची खूण गाववहीत लिहिलंय. डाव्या कानाचा टोक छाटलेला, उजव्या कानाला चीर." ट्यूनिसने खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण हिचा तर उजवा कान छाटलाय! बघा की!"

मिंडवेलने वाकून पाहिलं. खोटं बोलायची ही फार चांगली संधी होती, आणि ती तिला वापरता आली नाही.

"डावा आहे तो," ती हळूच म्हणाली. "तुम्ही समोरून बघताय. इकडे मागे या."

तो वळसा घालून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. डावाच होता.

"परवा, बुधवारी सुनावणी," तो म्हणाला. "पेक स्क्वायरसमोर, न्याय तेच करतात. खानावळीत."

"चोरी ठरली तर?"

ट्यूनिसने काठी उपटली. "दहा फटके. मग गाव सोडायचं. खरंखुरं सोडायचं."

"आणि फटके कोण मारतं इथे?"

काळ्या काठीवर गुंडाळलेल्या त्याच्या बोटांकडे पाहून तिला उत्तर मिळालं. "बरं," ती म्हणाली, "जाताना फाटक लावून घ्या. तिला तुमचे बूट फार आवडलेत."

ट्यूनिसचा खरा धंदा लाकडी पिंपं आणि बादल्या करायचा. गावात कुणाच्याही घरी जा, मेपलच्या झाडांचा गोड रस त्याच्याच बादलीत गळत असे आणि खारवलेलं मांस त्याच्याच पिंपात असे. त्या दिवशी तो आपल्या कारखान्यात येऊन बसला, पण हातोडा उचलवेना. खानावळीत खुंटीला टांगलेला चाबूक त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. वर्षभर त्याने त्या चाबकाला हात लावला नव्हता, धूळ झटकायलासुद्धा नाही. चोरावरही तो उगारणं त्याला जमलं नसतं. ही बाई तर चोर नव्हतीच. स्वतःच्या हाताने स्वतःचा बचाव मोडणारी बाई डुक्कर चोरत नाही, एवढं कळायला कायदा शिकावा लागत नाही. पण स्क्वायरसमोर हे सांगायचं कसं? वही म्हणते डावा, आणि कान डावाच.

कपाळाला हात लावून तो खिडकीबाहेर पाहत राहिला. कारखाना पूर्वी जोथम कीजचं घर होतं. जोथम गावचा जुना चिटणीस, ट्यूनिस यायच्या आधीच वारलेला. या खिडकीची खालची फळी बाहेरच्या बाजूने कुरतडलेली होती. नऊ वर्षं ट्यूनिस ती फळी बघत होता. ग्रिट, त्याची बायको, जिवंत होती तेव्हा म्हणायची, या गावचे उंदीर बाई केवढाले! ट्यूनिसने आज पहिल्यांदा त्या खुणांवर बोट फिरवलं. उंदराचे दात इतके रुंद नसतात.

मंगळवारी सकाळी तो डीकनच्या घरी गेला. डीकन रानात मेपलचा रस गोळा करायला गेले होते. त्यांची बायको थँकफुल चुलीपाशी होती. थँकफुलबाई अंगाने आडवी आणि मनाने मोकळी. नवऱ्याने घरादारासाठी पाळलेलं मौन ती एकटी भरून काढत असे.

"या कॉन्स्टेबल! पिंप गळतंय म्हणून आलात की आम्हाला धरायला?"

"बाई, जोथम कीजच्या खिडकीला कुणी खाल्लं?"

ती इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. "अहो, डुकरांनी! अख्ख्या गावच्या डुकरांनी! जोथमचा पाय कायम सुजलेला. खुर्चीतून उठायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. कुणाला कानाची खूण नोंदवायची असली की जनावर खिडकीशी न्यायचं, पुढचे पाय फळीवर ठेवायचे, आणि ते तोंड आत घालणार! जोथम आतून त्याच्या नाकाला नाक लावून बघायचा आणि लिहायचा. एकदा आमच्या डुकराने त्याची लेखणी खाल्ली. डीकन आठवडाभर शरमेने चर्चमध्ये खाली मान घालून बसले होते."

ट्यूनिसच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. पिंपाची शेवटची पट्टी जागेवर बसते तेव्हा असंच वाजतं.

"तुमच्याकडे आत्ता एखादं डुक्कर आहे?"

"नाही हो. डिसेंबरात सगळी कापली. डुकरीण हरवली ती हरवलीच."

"आणि खुणा कोण करायचा? डीकन?"

"डीकन? डुकराच्या कानाला हात लावतील ते? आमचा गडी करायचा, सायलस. तो गेला ओहायोला." ती थांबली. तोंड बडबडं असलं तरी डोकं बाईंचं तल्लख होतं. "धुरात एक मुंडकं टांगलंय. कानांसकट. रविवारी खायचं म्हणून ठेवलेलं."

दोघं मागच्या धुराच्या खोलीत गेले. मुंडकं काळंभोर, चमकदार, आणि मेलेल्या जनावराच्या मानाने बरंच प्रसन्न दिसत होतं. ट्यूनिसने त्याच्या मागे उभं राहून पाहिलं. मग पुढे येऊन पाहिलं. मग पुन्हा मागे गेला.

थँकफुलबाईने कंबरेवर हात ठेवले. "अगबाई," ती म्हणाली.

"उद्या हे मला पाहिजे," ट्यूनिस म्हणाला. "डीकन रागावतील."

"रागवू देत. माझा नवरा खोटं बोलत नाही, कॉन्स्टेबल. तो वाचून बोलतो. ते जास्त अवघड जातं सोडवायला. न्या. पण परत आणा, रविवारी पाहुणे आहेत."

बुधवारी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. रस गोळा करायचे दिवस, तरी लोकांनी बादल्या तशाच वाहू दिल्या. पेक स्क्वायर शेकोटीला पाठ करून बसले होते. त्यांच्याशेजारी हल्लीचा चिटणीस एसाहेल बर्नप, मांडीवर गाववही. खुंटीला चाबूक. मिंडवेल त्याच्या बरोबर खाली उभी होती, आणि तिच्या पायाशी पुरावा म्हणून आणलेली डुकरीण जमिनीवर सांडलेलं सफरचंदाचं सायडर चाटत होती.

"वाच," स्क्वायर म्हणाले.

एसाहेलने वाचलं. थ्रॉल, डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला चीर. एमोस टारबॉक्स, उजव्या कानाचं टोक छाटलेलं, डाव्याला चीर. मग तो उठून डुकरिणीच्या मागे गेला, वाकला आणि म्हणाला, "डावा छाटलाय. थ्रॉल."

"मला या बाईंशी वैर नाही," डीकन म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण लिहिलंय ते लिहिलंय."

स्क्वायरनी उसासा टाकला. "कॉन्स्टेबल, तुम्हाला काही सांगायचंय?"

ट्यूनिस पुढे आला. काठी भिंतीला टेकवली, ती पडली, कुणीतरी हसलं. "होय. डीकनसाहेब, जरा या डुकरिणीचा डावा कान धरा."

"मी?"

"तुम्हीच."

डीकनना जन्मात हे काम करावं लागलं नव्हतं. पण गावासमोर मागे कसं हटणार? ते ताडताड चालत गेले, डुकरिणीच्या थेट तोंडासमोर उभे राहिले आणि आपल्या डाव्या हाताला होता तो कान त्यांनी दोन बोटांत धरला. त्या कानाला चीर होती.

"अहो, तो उजवा!" मागून लोहार ओरडला.

"उजवा कसा? हा माझ्या डाव्या हाताला आहे."

"तुमचा डावा, तिचा उजवा!"

"समोरून बघतायत ना ते, मग डावाच!" तिसरा म्हणाला. "माणसाशी बोलताना समोरून बघतात की मागून?"

"डुकराशी बोलतो का आपण?"

"तू बोलतोस. मी ऐकलंय."

दोन मिनिटांत खानावळीचे दोन तट पडले. बैल हाकणारे सगळे मागचे, बाकीचे पुढचे. स्क्वायरनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा कुठे आवाज खाली आला. डीकन अजून कान धरूनच उभे होते, कारण तो कधी सोडायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आता हे," ट्यूनिस म्हणाला आणि त्याने आणलेल्या टोपाचं झाकण उचललं.

"हे तर..." डीकनच्या हातून कान सुटला. "हे माझ्या धुराच्या खोलीतलं मुंडकं आहे! कुणी आणलं इथे?"

"मी दिलं," मागून थँकफुलबाईचा आवाज आला. "नीट बघा, आणि हात नका लावू, रविवारचं आहे."

"म्हणजे हे तुमच्या डुकराचा आहे? नक्की?" ट्यूनिसने विचारलं.

"नक्की म्हणजे! माझ्या अंगणात वाढलं, माझ्या गड्याने कापलं!"

"एसाहेल, मागून बघ. जसं आत्ता बघितलास तसं."

एसाहेल मुंडक्याच्या मागे गेला. वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. "उजवा छाटलाय," तो शेवटी म्हणाला. "डाव्याला चीर." त्याने वहीतली ओळ पुन्हा पाहिली. "वहीप्रमाणे... टारबॉक्स."

डुकरीण सायडर चाटतच होती.

"म्हणजे डीकन," पेक स्क्वायर फार सावकाश म्हणाले, कारण त्यांना ही गंमत पुरवून पुरवून घ्यायची होती, "दोन्हीपैकी एक खरं. एक तर तुम्ही वर्षानुवर्षं बिचाऱ्या एमोसची डुकरं खात आलात, नाहीतर ही बाई चोर नाही. कुठलं लिहू?"

डीकनचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मिंडवेलने मान खाली घातली होती. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

ट्यूनिसला त्या म्हाताऱ्याची दया आली. "कुणीच चोर नाही," तो घाईने म्हणाला आणि बाकाखालून कुरतडलेली फळी काढून त्याने टेबलावर ठेवली. सकाळीच त्याने ती खिडकीतून उचकटली होती. "ही जोथम कीजची फळी. डुक्कर बाहेर, तोंड आत. जोथम आतून, समोरून बघायचा. त्याचा डावा म्हणजे डुकराचा उजवा. त्याने लिहिलेल्या सगळ्या खुणा अशा उलट आहे. एसाहेल मागून बघतो, म्हणून त्याच्या सुलट. डीकनची, एमोसची, दोन्ही खुणा जोथमच्या अक्षरातला. म्हणून मुंडकं डीकनचं. आणि ही," त्याने डुकरिणीकडे बोट दाखवलं, आणि आता त्याचं एकही अक्षर चुकलं नाही, "ही या बाईंची."

म्हाताऱ्यांनी फळी हातोहात फिरवली. प्रत्येकाला आपापल्या डुकराचे दात सापडले. लोहाराला तर जोथमची लेखणी खाल्लेला दिवससुद्धा आठवला, आणि डीकनसाहेबांना तो पुन्हा ऐकून घ्यावा लागला.

स्क्वायरनी निकाल दिला आणि लोक उठले. डीकन मात्र तिथेच उभे होते. मिंडवेलजवळ जाऊन त्यांनी हॅट काढली. चारचौघांत हॅट काढणं त्यांना कान धरण्याहून जड गेलं असावं. "बाई, मी चुकलो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण मग माझी डुकरीण गेली कुठे?"

"अस्वलाने नेली असणार," एसाहेल म्हणाला.

डीकननी हॅट डोक्यावर ठेवली. "कॉन्स्टेबल," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "अस्वलाला नोटीस द्या. पंधरा दिवस."

चाळीस वर्षांत डीकन थ्रॉलनी केलेला हा पहिला विनोद. लोकांना तो कळायला थोडा वेळ लागला, मग खानावळ दणाणली. त्या गोंधळात ट्यूनिसने खुंटीवरचा चाबूक आज पहिल्यांदा हातात घेतला आणि लाकडं ठेवायच्या पेटीत, अगदी तळाशी टाकला. कुणी पाहिलं नाही. मिंडवेलने पाहिलं.

पुढच्या आठवड्यात गावसभा झाली. ट्यूनिसला पुन्हा कॉन्स्टेबल निवडलं, आणि या खेपेला तो खोलीतच होता.

एप्रिलअखेर मिंडवेल त्याच्या कारखान्यात आली. काखेत एक गुलाबी पिल्लू. "नऊ झाली," ती म्हणाली. "हे तुम्हाला."

"मला? अहो, मी पिंपवाला. डुक्कर मला काय करायचं?"

"वाढवायचं. आणि आधी कानाची खूण नोंदवा, नाहीतर कुणीतरी वाचून दाखवेल की त्याचंच आहे."

ट्यूनिसने आजवर कधी जनावर पाळलं नव्हतं, म्हणून गाववहीत त्याचं पानही नव्हतं. तो एसाहेलकडे गेला. एसाहेलने नवं पान उघडलं. जोथमच्या नोंदी सुलट करून त्याने आता सगळ्या पानांवर बारीक अक्षरात एक ओळ वाढवली होती: जनावराच्या मागे उभे राहून.

"खूण काय घेतोस? टोकं, चिरा, खाचा, सगळ्या गेल्या."

"डाव्या कानाला गोल भोक. पिंपाला बूच बसवायचं असतं ना, तसा."

एसाहेल हसला आणि लिहू लागला. लिहितालिहिता मोठ्याने वाचायची त्याला सवय होती. "ट्यूनिस व्हेडर, राहणार ईस्ट हार्लो..."

"काय म्हणालास?"

"डाव्या कानाला गोल भोक."

"त्याच्या आधी."

एसाहेलने वर पाहिलं. "राहणार ईस्ट हार्लो. सगळ्यांचं असंच लिहितात. का? चुकलं का काही?"

"नाही," ट्यूनिस म्हणाला. "मला त्याची नक्कल दे. एका कागदावर."

नक्कल घडी घालून त्याने कोटाच्या खिशात ठेवली, आणि पिल्लू काखेत घेऊन तो घरी न जाता टेकडीवर गेला, चर्चच्या मागे. ग्रिट तिथे सहा वर्षांपासून होती. नऊ वर्षांपूर्वी ती नोटीस दोघांच्या नावाने आली होती: ट्यूनिस व्हेडर आणि त्याची बायको ग्रिट, हल्ली मुक्काम ईस्ट हार्लो. दारात उभं राहून दोघांनी ती ऐकली होती. तिला इंग्रजी नीट कळायचं नाही. त्या दिवशी तिने विचारलं होतं, काय म्हणतो हा माणूस? ट्यूनिस म्हणाला होता, काही नाही, हवापाण्याचं विचारतोय. ती फसली नव्हती, पण पुढे तिने कधी विचारलंही नाही. गाडीतून आणलेल्या पेट्यांपैकी एक मात्र तिने शेवटपर्यंत उघडली नाही. बांधूनच ठेवली होती, निघावं लागलं तर असावी म्हणून.

दोघांना वाचून दाखवलेला कागद होता तो. मग हाही दोघांना वाचून दाखवायला हवा. ट्यूनिसने हॅट काढली, घडी उलगडली आणि कॉन्स्टेबल वाचतो तसा, ताठ उभा राहून, मोठ्याने वाचला. पिल्लाने काखेत खूप आरडाओरडा केला. मग त्याने तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी सावकाश, तिच्या डच भाषेत.